फुले : पाहिली नाहीत

बाई,

फूल जांभळं आहे.

हे आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला प्रस्तावना खपत नसे. वर्गात कोणी "सर्वप्रथम मी असे नमूद करू इच्छिते" म्हणून उभं राहिलं की तुम्ही खडू खाली ठेवायचात आणि म्हणायचात, "झाड कुठंय ते सांग." तर झाड तिथेच आहे, जिथे तुम्ही ते सोडलं होतं. सिक्कीममधल्या त्या खिंडीच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडावरच्या खडकात. गुडघ्याएवढंही नाही. या जूनमध्ये मी त्याच्यासमोर पालथी पडले होते, अंगात स्वेटरवर स्वेटर, डोक्याला कानटोपी, गळ्यात तुमचं भिंग, आणि झुडूप टोकाटोकाला फुललेलं होतं. मी मोठ्याने म्हटलं, "बाई, जांभळं." मागे माझी विद्यार्थिनी उभी होती. तिला वाटलं, मॅडमना विरळ हवा लागली. तिने घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यानंतर विभागात आलेली माणसंही आता निवृत्त व्हायला लागली आहेत. माझी पाळी जवळ आली आहे. ही विद्यार्थिनी आता आमच्याच विभागात शिकवते, आणि तिला मी जे काही शिकवलं ते बहुतेक तुमचंच होतं, फक्त रागावण्याची पद्धत माझी. हर्बेरियमच्या खोलीत, वाळवलेल्या फांद्यांच्या कपाटांत, डांबराच्या गोळ्यांचा वास तसाच आहे. खिडकीजवळच्या कपाटात तुमची ती शीट तशीच आहे, पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेली फांदी, आणि उजव्या कोपऱ्यात तुमच्या अक्षरातलं लेबल. लेबल इंग्रजीत आहे, पण आपण दोघी त्या झाडाबद्दल नेहमी मराठीतच बोललो, म्हणून मला ते मराठीतच पाठ आहे. बुटके, सदाहरित झुडूप. फांद्या दाट, आडव्यातिडव्या. पाने लहान, जाड, चामट, कडा खाली वळलेल्या. दोन्ही बाजूंना खवले, खालच्या बाजूला दाट आणि गंजाच्या रंगाचे. चुरगळल्यास सुगंधी. फळ म्हणजे लहानसे बोंड, वाळल्यावर पाच फाकांत उकलणारे. आणि शेवटी, फुले : पाहिली नाहीत. जातीच्या नावाची जागा कोरी. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात एवढंच, "नवी?"

त्या एका प्रश्नचिन्हावर तुम्ही अर्धं आयुष्य काढलंत आणि उरलेल्या वेळात आम्हाला शिकवलंत, असं आम्ही मुली पाठीमागे म्हणायचो. तुम्हाला ते ठाऊक होतं.

आपण सिक्कीमला गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत, कारण कॉलेज सहलीला सुट्टी द्यायचं ती तेव्हाच. नागपूरच्या माणसाकडे थंडीचे कपडे म्हणजे एक मफलर आणि एखादी लग्नातली शाल. आम्ही साऱ्या जणी जरीपटक्याच्या बाजारात जाऊन स्वेटर घेऊन आलो, आणि काकांनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, कळमन्याहून संत्र्यांची पेटी आणून गाडीत चढवली. हावड्यापर्यंत डब्यात संत्र्याच्या सालांचा वास होता. खिंडीकडे निघालो त्या दिवशी इतकं धुकं होतं की जीपच्या पुढचा रस्तासुद्धा दिसत नव्हता. ड्रायव्हर परतायच्या घाईत होता. आणि तुम्ही मात्र खिडकीची काच पुसत बसला होतात, आणि एकदम ओरडलात, "थांबा, थांबा!" तो म्हणाला, "मॅडम, मौसम खराब है." तुम्ही तोवर दार उघडून खाली उतरला होतात. धुक्यात तुम्हाला नुसता गंजाचा रंग दिसला होता.

मी पिशवी धरून उभी आहे, तुम्ही कात्री चालवताय. एक पान तुम्ही बोटांत चुरगळता आणि माझ्या नाकापुढे धरता. "वास घे. आधी वास, मग बाकी सगळं." कापूर आणि ओलं लाकूड यांच्या मधला काहीतरी वास. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. फांद्या आहेत, पानं आहेत, उकललेली बोंडं आहेत, पण फूल एकही नाही. नोव्हेंबरात कुठून असणार? तुम्ही बोंड भिंगाखाली धरून म्हणालात, "जूनमध्ये यायला पाहिजे." तेव्हा ते मला साधं वाक्य वाटलं.

त्याच्या आधीची एक गोष्ट तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. आमची पहिली सहल रामटेकला. टेकडीच्या पायथ्याशी कोरांटी फुलली होती, निळसर जांभळी, आणि मी एक फूल तोडून वेणीत खोवलं. तुम्ही एरवी अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचात, पण राग आला की तुमच्या माहेरची बोली बाहेर यायची. "काहून तोडलं वं?" मी म्हटलं, "असंच." "असंच? याचा वहीतला नंबर काय?" मी फूल वेणीतून काढलं. "देवाले वाहाचं असंल तर घरच्या अंगणातलं तोड. अभ्यासाले आली न तू? मंग ज्याले नंबर देणार नाही, त्याले हात लावू नको. झाडानं ते आपल्यासाठी नाही काढलं." आणि मग सगळ्यांसमोर मला रस्त्याकडेला बसवून त्या फुलाचं लेबल लिहायला लावलंत. जागा, उंची, माती, झाडाची ठेवण, आणि रंग. "रंग सगळ्यात आधी लिहायचा," तुम्ही पुन्हा पुस्तकातल्या मराठीत आलात, "कारण तो सगळ्यात आधी जातो." माझ्या वेणीतून निघालेली ती कोरांटी आजही हर्बेरियममध्ये आहे. रंग पार गेला आहे. लेबलावर मात्र माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, निळसर जांभळा. मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले, आणि तेव्हाच ठरवलं की शिकायचं तर हिच्याकडेच.

सिक्कीमहून आल्यावर तुमच्या धंतोलीच्या घरातलं स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा झाली. वाळलेलं बोंड मऊ करून उघडायचं तर पाण्यात उकळावं लागतं, आणि कॉलेजातला स्टोव्ह कायम बिघडलेला. म्हणून तुम्ही चहाच्या पातेल्यात बोंडं, पानं उकळायला ठेवलीत आणि दारावर कोणी आलं म्हणून आपण दोघी बाहेर गेलो. तेवढ्यात काका पोस्टातून घरी आले. पातेल्यात काहीतरी उकळतंय, रंग बरा दिसतोय, त्यांनी त्यातच साखर, पत्ती, दूध घातलं आणि गाळून घेतलं. आपण आत आलो तेव्हा त्यांचा अर्धा कप झाला होता. "आज चहात काय टाकलं वं?" ते म्हणाले. "कापरासारखं लागून राहिलं." तुमचा चेहरा पांढरा पडला. या कुळातली काही झुडपं विषारी असतात, हे आम्हाला तुम्हीच शिकवलं होतंत. तुम्ही त्यांना अंगणात नेऊन मीठपाणी पाजलंत, ओकायला लावलंत, आणि मग रात्रीपर्यंत त्यांची नाडी धरून बसलात. त्यांना काही झालं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ते पोस्टात सांगत सुटले की जगात ज्या झाडाला अजून नाव नाही, त्याचा चहा पिणारा मी एकटाच माणूस. आणि तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "गाळण्यात बोंडं उरली असतील का गं?" उरली होती. एक उघडूनही पाहिलं आपण.

त्या झाडाचं चित्र मी काढलं. आमचं घर उमरेडच्या विणकरांचं. वडील लुगड्याच्या किनारीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचे, आणि लहानपणापासून मी त्यांच्या शेजारी बसून चौकटी भरायचे. माझा हात तुम्हाला त्यामुळेच पसंत पडला, हे तुम्ही स्पष्ट सांगितलं होतंत. बुद्धीबद्दल काही बोलला नव्हतात. काळ्या शाईने ठिपका ठिपका देत मी छापायची सबंध प्लेट पूर्ण केली. फांदी, पानाची वरची बाजू, खालची बाजू, एक खवला खूप मोठा करून, बोंड मिटलेलं, बोंड उकललेलं. वरचा उजवा कोपरा तुम्ही रिकामा ठेवायला लावलात. "इथं फूल येईल." प्लेट पाहून झाल्यावर तुम्ही गळ्यातलं भिंग काढून माझ्या गळ्यात घातलंत. म्हणालात, "माझ्या डोळ्यांना आता दुसरं लागतं, हे तुला राहू दे." भेट म्हणून दिलेलं नाही, असं दाखवायचा केवढा तो आटापिटा.

पुढे सगळे तुमच्या मागे लागले. विभागातले सर म्हणाले, याच्या सगळ्या भावंडांची फुलं जांभळी नाहीतर गुलाबीच असतात, लिहून टाका जांभळी आणि छापून मोकळ्या व्हा, दुसरं कोणी छापून टाकेल. तुम्ही म्हणालात, "भावंडांवरून मी हिचं नाक कसं असंल ते सांगू?" मला हसू आवरेना. पण तुमचं जूनमध्ये जाणं काही होईना. मे-जून म्हणजे पेपर तपासण्याचे दिवस. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर तुमचा दमा. डॉक्टरांनी सांगितलं, बाई, सेमिनरी हिल्स चढलात तरी पुष्कळ झालं. दर वर्षी एप्रिलमध्ये तुम्ही म्हणायचात, यंदा जूनमध्ये, आणि दर वर्षी जूनमध्ये मृगाचे चार थेंब पडले की तुम्ही गप्प व्हायचात. दवाखान्यात शेवटी तोंडावरचा मास्क बाजूला करून तुम्ही विचारलंत, "जूनमध्ये जाशील ना गं?" मी म्हटलं, जाईन. कोणत्या वर्षीच्या, ते तुम्ही विचारलं नाही. माझीही मुलं, पेपर, आजारपणं झाली, मग तिकडच्या परवानग्या अवघड झाल्या. या वर्षी विद्यार्थिनीच्या प्रकल्पाला परवानगी मिळाली आणि ती म्हणाली, "मॅडम, आता नाही तर कधी?"

आता मुद्द्याचं, जे सांगायला मी इतका वेळ लावते आहे.

या वेळी आम्ही जीपने थेट खिंडीत गेलो नाही. माझं वय पाहून विद्यार्थिनीने फर्मान काढलं की खालच्या गावात मुक्काम करायचा आणि सवय करत करत पायी चढायचं. म्हणून तो उतार मी पहिल्यांदा पाहिला. तेव्हा आपण धुक्यातून गाडीत बसून गेलो होतो, आठवतं ना? खाली, उंच झाडं संपतात तिथे, कमरेएवढं एक झुडूप आहे, जांभळ्या फुलांनी नुसतं भरलेलं. ओळखीचं झुडूप, पुस्तकात असलेलं, कधीचंच कोणीतरी नाव देऊन ठेवलेलं. आम्ही त्याची फांदी घेतली, नंबर दिला, वर निघालो. पुढच्या वळणावर तेच, जरा बुटकं. त्याच्या पुढे आणखी बुटकं, पान आणखी लहान. मग पानांच्या कडा वळायला लागल्या. मग खवल्यांवर गंज चढायला लागला. प्रत्येक वळणावर मी फांदी घेत होते आणि मनात म्हणत होते, आता कुठेतरी हे संपेल, मध्ये उघडा खडक लागेल, आणि मग पलीकडे बाईंचं सुरू होईल. तसं कुठेच झालं नाही. दुपारी तुमच्या खडकापाशी पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर खालपासून वरपर्यंत जांभळा उतार सलग होता. कुठेही रेघ मारायला जागा नव्हती.

फूल उघडून पाहिलं. दलपुंज पसरट, पाच पाकळ्यांचा, कंठाशी पांढरी लव. पुंकेसर बाहेर डोकावणारे, त्यांच्या तळाशीही लव. कुक्षिवृंत त्यांच्याहून लांब, लालसर. मग खालच्या झुडपाचं फूल फांद्या दाबून वाळवायच्या प्रेसमधून काढून शेजारी ठेवलं. फरक नाही. खालच्या झुडपालाच वर वाऱ्याने दाबून बसवलं होतं, आणि थंडीने त्याची पानं वळवून गंजाची केली होती.

बाई, ते नवीन नाही.

मला फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी वाटलं, आणि तुमच्यापेक्षा माझ्यासाठी जास्त. आपल्या शास्त्रात स्वतःचं नाव स्वतः झाडाला देत नाहीत. ते दुसऱ्याने द्यावं लागतं. तुम्ही कधीच देऊ शकला नसता. म्हणजे ते माझंच काम होतं, आणि इतकी वर्षं मी ते मनातल्या मनात करून ठेवलं होतं. तुमच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून किती वेळा लिहून पाहिलं आहे! छान दिसतं ते.

विद्यार्थिनीला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. परतल्यावर एक दिवस तिने विभागात कूलरशेजारी खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, खवल्यांचा रंग वेगळा आहे. पान लहान आहे. उंची वेगळी. लोकं याच्यापेक्षा कमी फरकावर जाती काढून राहिले. खालची शीट अन् वरची शीट, दोनच देऊ. मधल्या फांद्या नाही दिल्या तर कोण पाहायले जाते? बाईंचं नाव राहील." तिने तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. माझ्या तोंडून ऐकून ऐकून तिला तुमची माया लागली आहे, आणि तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती, प्रेमच होतं. मी तिला रागवायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू." आणि मधल्या वळणांवरच्या फांद्यांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला तसाच माझ्या टेबलावर पडून राहिला. येता-जाता मी त्याच्यावर डबा ठेवायचे.

त्यात काका. ते आता खूप थकलेत, पण कान शाबूत आहेत. मी गेल्याचं त्यांना माहीत होतं, म्हणून दर रविवारी फोन. "काय वं, लागला का निकाल?" त्यांना तुमचं नाव छापलेलं पाहायचं होतं. दुसरं काही पाहायची हौस उरली नाही, असंही ते म्हणाले. हे ऐकून तुम्ही मला सांगा, मी गठ्ठ्याची सुतळी कशी सोडणार होते?

मागच्या आठवड्यात शेवटी गेले धंतोलीला. पाऊस थांबला होता, उकाडा जीव काढत होता. काका ओसरीत खुर्चीवर पंख्याखाली. त्यांनी आधी विचारलं, "रंग कोणता?"

"जांभळा."

"मी म्हणत नव्हतो? मी तिले किती डाव म्हटलं, जांभळाच असंल. तर मलेच विचारे, तुम्ही पाहिलं का?" हसून झाल्यावर ते पुढे वाकले. "अन् नाव?"

मी म्हटलं, "काका, नवीन आहे असं म्हणता येईल."

"म्हणता येईल म्हणजे? आहे का नाही?"

बाई, तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढलेला माणूस तो. मी काही ठरवून गेले नव्हते. पण ते तसे पाहत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मधली झाडं सोडून दिली तर आहे." मग सगळंच सांगितलं. धुकं, उतार, वळणावळणावरच्या फांद्या. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे खालच्या घरापासून वरच्या घरापर्यंत एकच खानदान."

"हो."

पंखा करकर करत होता. "मले वाटलं होतं वं पोरी," ते म्हणाले, "तिचं नाव कुठंतरी येईल." आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उठून आत गेले आणि चहा ठेवला. भांडी बदललीत, पण ओटा तोच आहे. चहा घेऊन बाहेर आले तर ते म्हणतात, "म्हणजे मी जो चहा पेलो तो ओळखीच्याच झाडाचा होता न? अन् मी साऱ्या पोस्टात सांगत फिरलो."

"काका, ओळखीचं असलं तरी त्याचा चहा करून पिणारे तुम्ही एकटेच."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाठीवरून हात फिरवता फिरवता मी त्यांना उरलेलं सांगितलं. त्या जुन्या जातीच्या वर्णनात आता भर घालावी लागणार आहे. ती इतक्या उंचावर वाढते आणि तिथे तिचं पान असं होतं, हे कोणी लिहिलेलं नाही. त्याला पुरावा म्हणून सगळ्यांत आधीची शीट तुमचीच, आणि पुराव्याखाली गोळा करणाऱ्याचं नाव आणि नंबर छापतात. बारीक अक्षरात, शेवटी, कंसात.

"किती बारीक?" काका म्हणाले. "मले दिसंल का?"

"माझ्याकडे भिंग आहे."

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा सोडला. विद्यार्थिनीला समोर बसवलं आणि वळणाच्या क्रमाने सगळ्या फांद्या टेबलावर मांडल्या. ती खालून वर पाहत गेली, मग वरून खाली, आणि म्हणाली, "मॅडम, सुंदर दिसून राहिलं हे." खरंच दिसत होतं. एकाही शीटवर नवीन काही नव्हतं, आणि सगळ्या मिळून आजवर कोणी न सांगितलेलं काहीतरी होतं. मग तुमची शीट काढली. आधीच्या माणसाचं लेबल आपण कधी काढत नाही, खोडत नाही. शेजारी आपली चिठ्ठी चिकटवतो. मी तुमच्या लेबलाच्या डावीकडे चिठ्ठी लावली. जातीचं नाव, माझं नाव, महिना, वर्ष. खाली, फुले : जांभळी; पाहिली. तुमचं पेन्सिलीतलं "नवी?" आहे तिथेच आहे. ते तुम्ही शाईने लिहिलं असतंत, किंवा सरांचं ऐकून छापलं असतंत, तर आज मला ते सगळ्यांसमोर खोटं पाडावं लागलं असतं. तुम्ही मला त्यातून वाचवलंत. तेव्हा मला तो तुमचा हट्ट वाटायचा, आणि थोडा भित्रेपणाही.

तुमचा मला अजूनही राग येतो, तेही सांगते. एका जूनमध्ये पेपर तपासायचे सोडून जायला हवं होतंत. नवीन आहे की नाही यासाठी नाही. तो उतार तुम्ही पाहायला हवा होतात. मी तो तुमच्याऐवजी पाहिला आणि मला तो पुरला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, काकांना विचारलं तर ते म्हणतील, पत्ता अपुरा. म्हणून ते मी आपल्या प्लेटच्या मागे सरकवून ठेवते आहे. ती प्लेट आता कुठेच छापली जाणार नाही, त्यामुळे ती माझी झाली. घरी आणली आहे. वरचा उजवा कोपरा तुम्ही फुलासाठी ठेवायला लावला होतात, तो आता रिकामा नाही. तिथे मी चित्र काढलेलं नाही. परत निघायच्या दिवशी, विद्यार्थिनी प्रेस बांधत होती तेव्हा, तुमच्या खडकावरचं एक फूल मी तोडलं आणि स्वेटरच्या खिशात टाकलं. तेच तिथे चिकटवलं आहे. त्याचा जांभळा रंग आता गेला, तपकिरी झालं आहे.

त्याला नंबर दिलेला नाही, बाई. असंच तोडलं.